मदत हवी आहे: सिनेटची रिकामी जागा नक्की कोण भरतं?

मंडळी, लेकीला परवा कॉलेजात अमेरिकन सिनेटवर (तिथल्या संसदेचं वरचं सभागृह) बोलायचंय आणि घोडं एका ठिकाणी अडलंय.

ऑगस्ट २००९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याचे डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडी गेले. मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नरचा (तिकडे तो निवडून येतो, आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो) रिकाम्या जागी नेमणुकीचा अधिकार डेमोक्रॅटांच्या हातातल्या विधिमंडळाने २००४ लाच काढून घेतला होता. तेव्हा गव्हर्नर रिपब्लिकन होता ना! २००९ ला डेमोक्रॅट होता, मग घाईघाईने कायदा बदलून पॉल कर्क यांना नेमलं. जानेवारी २०१० च्या पोटनिवडणुकीत रिपब्लिकन स्कॉट ब्राऊन जिंकले आणि सिनेटमधली डेमोक्रॅटांची मतं ६० ची ५९ झाली. फिलिबस्टर (चर्चा लांबवून विधेयक अडवून धरणं) मोडायला ६० मतं लागतात.

तर गेलेल्या सदस्याच्याच पक्षाचा माणूस नेमायची सक्ती कुठल्या राज्यांत आहे? वहीत तेवढीच ओळ कोरी आहे.