नखांवर ॲक्रिलिकची थ्रीडी फुलं शिकवतेय पण मुलींच्या पाकळ्या उभ्याच राहत नाहीत, कसं शिकवू?

नखरंग_सिडको
नमस्कार सगळ्यांना. माझा नाशिकच्या सिडकोत छोटा ब्युटी क्लास आहे, सध्या सहा मुलींची बॅच, त्यातल्या दोघी ओझरहून बसने येतात, एक निफाडची. फाइलिंग, फॉर्म (नखाखालचा साचा) लावणं, साधं ओव्हरले (नखावर ॲक्रिलिकचा थर), सगळं नीट जमलं त्यांना. आता स्कल्प्टेड फुलं घेतली आणि गाडी अडली. मी करून दाखवते तेव्हा गुलाब होतो, त्यांनी केलं की पाकळी नखभर पसरते नाहीतर ब्रशला चिकटून तिचे दोरे निघतात. सकाळी साडेनऊची बॅच असते. काल निफाडची मुलगी दोन तास एकच पाकळी करत बसली आणि शेवटी तिच्या डोळ्यांत पाणीच आलं, मला रात्रभर चैन नाही. माझ्या हाताला येतं पण मला ते शब्दांत सांगता येत नाही, तिथेच माझं चुकतंय बहुतेक. तुम्ही कसं शिकवता?

गोदाकाठची_ताई
अगं, चार दिवस फूल बाजूला ठेव. फक्त बीड, म्हणजे लिक्विडमध्ये भिजलेल्या पावडरचा ब्रशच्या टोकावरचा गोळा, उचलायला लाव. प्लास्टिक शीटवर एका ओळीत वीस बीड, ब्रश लिक्विडमध्ये बुडवायचा, डॅपन डिशच्या (लिक्विडच्या छोट्या वाटीच्या) काठाला दाबून जास्तीचं काढायचं, मग टोक पावडरमधून ओढायचं. साधारण दीड भाग लिक्विडला एक भाग पावडर असं पुस्तकी माप आहे पण मुलींना माप सांगून कळत नाही, डोळ्यांनी दाखवावं लागतं. बीड शीटवर ठेवल्यावर लगेच पसरला आणि कडेने पाणी सुटलं तर ओला, खरबरीत दिसला आणि वर कोरडी पावडर राहिली तर सुका, गोल बसला आणि हळूहळू खाली टेकला तर बरोबर. ओव्हरलेला चालतो त्यापेक्षा फुलाचा बीड किंचित सुका लागतो.

आणि खरी गोष्ट पुढे आहे. बीड ठेवल्या ठेवल्या मुली लगेच दाबतात, तिथेच पाकळी मरते. आधी बीड काचेसारखा चमकतो, ती चमक उतरून जरा धुरकट झाला की मगच ब्रश लावायचा. मी मुलींना मोठ्याने सांगायला लावते, "चमकतोय, चमकतोय, गेली". गेली म्हणाली की ब्रश टिश्यूवर पुसून टोकाने मधे दाबायचं आणि बुडाकडे ओढायचं, म्हणजे कड पातळ आणि बूड जाड राहतं. दोरे निघतात ते ब्रशवर जुना माल राहिल्यामुळे, प्रत्येक दाबानंतर पुसायलाच हवा. आणि ओव्हरलेचा आठ-दहा नंबरचा ब्रश देऊ नकोस त्यांना, फुलाला दोन किंवा चार नंबर दे.

माझ्याकडच्या मुलींना मी उकडीच्या मोदकाचं सांगते. उकड सैल असली तर कळ्या पाडल्या तरी बसून जातात, घट्ट झाली तर चिरा पडतात, आणि ज्या मुलीने आईच्या शेजारी बसून मोदक केलेत तिला हे अर्ध्या मिनिटात कळतं. विचार तुझ्या निफाडच्या मुलीला, तिला येत असतील मोदक तर तिथूनच सुरू कर.

थंडीतली_नेलटेक
ताईंनी सांगितलं ते बरोबरच पण वेळ पण बघा ना, डिसेंबरात सकाळी साडेनऊला आपल्याकडे काय गारठा असतो, निफाडला तर विचारूच नका. ॲक्रिलिकला साधारण २१ ते २४ डिग्री खोली लागते, थंडीत सेट व्हायला खूप वेळ घेतं म्हणजे तुमची ती चमक उतरतच नाही आणि मुलगी वाट बघून कंटाळून दाबते. कधी कधी थंडीत नखावर पांढरे स्फटिक पण येतात, तो बीडचा दोष नसतो. मेमध्ये उलटं, हात फिरवायच्या आत दगड. बॅच दुपारी घ्या, खिडकीतल्या उन्हाजवळ बसा, हात चोळून गरम करा. पण लिक्विडची बाटली हीटरजवळ किंवा गॅसवरच्या पाण्यात अजिबात ठेवू नका, वाफ पेट घेते.

पंचवटी_नेल्स
एक गोष्ट कळकळीने सांगते. ओला बीड म्हणजे नुसती पाकळी बिघडत नाही, ते न सुकलेलं लिक्विड कातडीला लागतं आणि त्याची ॲलर्जी एकदा झाली की जन्मभर राहते, पुढे दातांच्या डॉक्टरकडे पण अडचण येऊ शकते कारण तिथेही याच घराण्यातला माल वापरतात. मी शिकताना ब्रश बोटांनी पुसायची, कुणी अडवलं नाही, आता माझ्या उजव्या हाताची दोन बोटं लिक्विड जवळ आलं तरी सोलतात आणि मला स्वतः ॲक्रिलिक करता येत नाही. मुलींना पहिल्या दिवसापासून नायट्राइल ग्लोव्ह्ज द्या, क्युटिकलपासून (नखाच्या बुडाच्या कातडीपासून) मिलिमीटरभर जागा सोडायला शिकवा, डिशला झाकण, टिश्यू झाकणाच्या डब्यात.

आणि सुटं बिनलेबलचं स्वस्त लिक्विड आणू नका, त्यात एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट) असू शकतं. अमेरिकेत १९७० च्या दशकातच त्यावर कारवाई झाली होती. वास फार उग्र, ॲसिटोनमध्ये लवकर सुटत नाही, आणि कुठे अडकलं तर खालचं खरं नखच उचकटतं. लेबलवर ईएमए (इथाइल मेथाक्रिलेट) बघूनच घ्या.

नखरंग_सिडको
सगळ्यांना मनापासून थँक्यू, आठ दिवसांनी लिहितेय. बॅच दुपारी दोनची केली. तीन दिवस नुसते बीड, मुली वैतागल्या पण केलं. मग गोदाघाटाच्या फुलबाजारातून खरे गुलाब आणले, नाशिकचं जुनं नाव गुलशनाबाद आणि आपण मोबाईलमधला फोटो बघून गुलाब करतोय हे मलाच बरं वाटेना. एकेक पाकळी बाहेरून आत सोडवली, मग उलट, मधली कळी आधी आणि पाकळ्या एकीवर एक चढवत बाहेर.

निफाडची मुलगी मोदक करते, घरी एकवीसचा नैवेद्य तिच्याच हातचा. काल तिने अनामिकेच्या नखावर पाच पाकळ्यांचा गुलाब केला, टोकाकडे नाही, क्युटिकलच्या बाजूला, म्हणजे ओढणीत अडकत नाही. झाल्यावर ब्रशच्या दांड्याने हलकेच वाजवलं, टक असा कडक आवाज आला आणि ती माझ्याकडे बघतच राहिली. तिसरी पाकळी जरा जाड आहे, ती तिला मी सांगायच्या आधीच दिसली.

ताई, आता पानं घ्यायचीत. हिरव्यात पांढरी पावडर एकाच बीडमध्ये उचलताना ब्रश आधी कुठल्या रंगात घालता?

गोदाकाठची_ताई
आधी पांढऱ्यात टोक, मग हिरव्यात. म्हणजे पांढरं बीडच्या आत राहतं आणि दाबलं की मधोमध शिरेसारखं दिसतं. आणि त्या पोरीच्या गुलाबाचा फोटो टाक गं इथे.