मदत हवी आहे: चेहरे लक्षातच राहत नाहीत

संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. दारात आलेल्या बाईंना मी अगदी अदबीनं विचारलं, "तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?" त्या माझ्या मोठ्या नणंदबाई निघाल्या! एरवी पंजाबी ड्रेस आणि पोनीटेल, त्या दिवशी नऊवारी आणि खोपा. गंमत म्हणजे समोरच्या बाईंना राग आलाय हे चेहऱ्यावरून क्षणात कळलं. राग कोणाला आलाय ते मात्र त्या बोलल्यावर, आवाजावरून.

लग्नाला चार वर्षं झाली, त्यामुळे 'अजून नवीन आहे' ही सबब संपली. तसं हे लहानपणापासूनच आहे. शाळेत मैत्रिणी मी दप्तरावरून ओळखायचे. खालच्या मजल्यावरचे काका कुत्र्यासोबत दिसले तर कळतात, एकटे लिफ्टमध्ये आले की परके. मालिकेत दोन दाढीवाले आले की माझी गोष्ट तिथेच संपली. नावं, रस्ते, फोन नंबर मात्र तोंडपाठ. चष्माही नाही.

सासूबाई म्हणतात, "हिचं लक्षच नसतं." हा आजार आहे का? कोणत्या डॉक्टरकडे जायचं? आणि सासरी सांगायचं कसं?

प्रतिसाद:
ताई, हे लक्ष नसण्यातलं वाटत नाही. 'प्रोसोपॅग्नोसिया', म्हणजे चेहऱ्यावरून माणूस ओळखता न येणं, हे शोधून पाहा. हे नाव १९४७ साली योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरांनी मेंदूला इजा झालेल्या रुग्णांवरून दिलं, पण काहींना ते जन्मापासूनच असतं. मेंदूच्या तळाशी 'फ्युसिफॉर्म' भागात एक ठिकाण चेहरा दिसला की खास कामाला लागतं. १९९७ मध्ये मेंदूच्या अभ्यासक नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी ते एफएमआरआयवर (मेंदूचा कोणता भाग कामात आहे ते दाखवणारं स्कॅन) दाखवलं. हावभाव वाचण्याचं काम बरंचसं दुसऱ्या वाटेनं चालतं, म्हणून तर राग कळला आणि नणंदबाई नाही कळल्या! चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडॉल आणि न्यूरॉलॉजिस्ट-लेखक ऑलिव्हर सॅक्स, दोघांनाही हाच त्रास होता.

अचानक सुरू झालं असतं तर आधी न्यूरॉलॉजिस्ट गाठा म्हटलं असतं. तुमचं लहानपणापासूनचं आहे, तरी एकदा दाखवून घ्या. 'केंब्रिज फेस मेमरी टेस्ट' म्हणून एक चाचणी आहे, केस कापून टाकलेले सहा चेहरे लक्षात ठेवायचे. यावर गोळी वगैरे नाही. आवाज, चाल, दागिने यांवरच भागवायचं, जे तुम्ही करताच आहात.

धागाकर्ती:
केसच नाहीत? मग मी नापास! असो, खूप बरं वाटलं. आधी नणंदबाईंनाच सांगते, फोनवर. तिथे त्या लगेच ओळखू येतात.