कॉइलओव्हरची रिंग फिरवली तरी गाडी वर येईना! मदत हवी आहे

रात्रपाळी_पुणे
गेल्या महिन्यात कॉइलओव्हर (रिंग फिरवून उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकचे सेट) बसवून घेतले. गाडी पुढून डावीकडे खाली दिसते, १२ मिमीचा फरक आहे. काल जॅक लावून डावीकडची रिंग चांगली चार फेरे फिरवली. ढिम्म फरक नाही. रविवारी पहाटे ताम्हिणीतून कोकणात उतरायचं आहे, त्यामुळे लवकर सांगा. ज्याच्याकडे बसवले तो फोन उचलत नाही.

स्पॅनर१३
गाडी कुठली? टाकाऊ प्रश्न नाही हा, त्यावरच सगळं आहे.

रात्रपाळी_पुणे
पोलो. सगळ्यांना माहीत असतं की पोलोवरच लोक हे करतात.

आबा_गॅरेज
अरे बाबा, एवढे पैसे घालून गाडी खाली कशाला केलीस आणि आता वर कशाला करतोस? स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये रबरी बफर सरकव. पाच मिनिटांचं काम. माझ्याकडे रोज चार गाड्या येतात.

स्पॅनर१३
आबा, तो बफर साध्या स्प्रिंगलाही नको, इथे तर नकोच. जिथे बफर बसतो तेवढे वेढे मरतात, उरलेल्यांवर भार येतो. असो. रात्रपाळी, तुमच्या पुढच्या स्ट्रटवर, म्हणजे स्प्रिंग-शॉकच्या खांबावर, रिंगा किती आहेत?

रात्रपाळी_पुणे
एक खालची, तीच फिरवली. वर स्प्रिंगखाली अजून दोन आहेत बहुतेक. त्यांना हात लावलेला नाही, जाम आहेत.

स्पॅनर१३
मग घोळ कळला. सर्वात खालची रिंग उंचीची नाहीच, ती लॉक आहे. तुमचा सेट दोन भागांचा आहे: खाली नकलमध्ये (चाक धरणाऱ्या भागात) बसणारा ब्रॅकेट आणि त्यात आट्यांवर फिरून बसणारी डँपरची, म्हणजे शॉकची, बॉडी. लॉक सैल केलं की बॉडी ब्रॅकेटमध्ये फिरवायची. बॉडी बाहेर आली की गाडी वर, आत गेली की खाली. तुम्ही नुसतं कुलूप उघडलं आणि दार ढकललंच नाही.

आणि मुख्य प्रश्न: ती रिंग परत आवळली का?

रात्रपाळी_पुणे
नाही. उंची नीट झाल्यावर आवळणार होतो. हो, एक सांगायचं राहिलं, कालपासून खड्ड्यात गेलं की डावीकडून कटकट आवाज येतो. तो वेगळा विषय असेल म्हणून लिहिला नाही.

तिरकी_गाडी
वेगळा विषय!! 🤦 तोच विषय आहे. लॉक सैल, बॉडी ब्रॅकेटच्या आट्यांत हलते आहे. गाडी हलवू नका, आधी आवळा.

चिपळूणकर_भिजलेला
आमच्याकडे पावसाळ्यात या रिंगा पेंडीसारख्या घट्ट होतात. ॲल्युमिनियमची रिंग, स्टीलची बॉडी, वर चिखल आणि खारा वारा, दुसरं काय होणार. वायर ब्रशने आटे साफ करा, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. छिन्नी-हातोडी नको, रिंगेचा खाचा एकदा फुटला की ती रिंग गेली. आणि काही सेटना रिंगेत बारीक ॲलन स्क्रू असतो, तो न सोडता लोक जोर लावत बसतात. मी बसलोय.

रात्रपाळी_पुणे
हातोडी आणि स्क्रूड्रायव्हरनेच फिरवली होती काल. खाचा थोडा चेपलाय. सेटसोबतचा सी पाना (सी आकाराचा, रिंगेसाठीचा) डब्यात होता, पण कशासाठी दिलाय ते कळलं नव्हतं.

आबा_गॅरेज
मी तर सांगतो, वरच्या दोन रिंगा फिरव, स्प्रिंग दाबली जाईल, गाडी कडक होईल आणि वर येईल. प्रीलोड म्हणतात त्याला.

तिरकी_गाडी
वर येईल, कबूल. कडक होणार नाही. सरळ रेटच्या स्प्रिंगला एक मिलीमीटर दाबायला जेवढं वजन लागतं तेवढंच लागतं, मग बैठक कुठेही असो. फक्त चाक खाली लोंबायला जागा कमी उरते, मग ब्रेकरवरून उतरताना चाक हवेत राहतं आणि ठक्क होतं. लोकांना तो ठक्क कडकपणा वाटतो. म्हणून ब्रॅकेटवाला सेट असेल तर उंची ब्रॅकेटनेच बदलायची, वरच्या रिंगांना हात लावायचा नाही.

आबा_गॅरेज
पंचवीस वर्षं हात काळे केलेत मी. पुस्तकं वाचून गाडी सुधारत नाही.

कायदा_आणि_सुव्यवस्था
मोटार वाहन कायदा कलम ५२ वाचलंय का कुणी? जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलंय की मूळ बनावटीला विसंगत बदल चालत नाहीत. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने क्लेम नाकारला तर इथलं कुणी येणार नाही.

रात्रपाळी_पुणे
धन्यवाद, पण मी हे विचारलेलं नाही. शनिवारी सकाळी करतो आहे, क्रम सांगा.

स्पॅनर१३
सपाट जागा. हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड. पुढची दोन्ही बाजू वर घ्या, एकच उचलली तर दोन्ही बाजू जोडणारा अँटीरोल बार ओढत राहतो. स्टँडशिवाय आत हात घालायचा नाही, जॅकवर भरवसा नाही. चाक काढा. आटे साफ करून दिसणारे आटे मोजा, बॉडीवर मार्करने उभी रेघ मारा, फोटो काढा. मग बॉडी एकेक फेरा फिरवा. एका फेऱ्याला किती ते तुमच्या आट्यांवर आहे, बरेच सेट २ मिमीचे असतात. ब्रेकचा पाइप पिळला जात नाही ना बघा. ब्रॅकेटमध्ये किमान किती आटे आत हवेत ते माहितीपत्रकात असतं, त्यापेक्षा बाहेर काढायचं नाही. शेवटी लॉक सी पान्याने आवळा.

मागचं विचारलं नाहीत, पण पोलोला मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई) आहे, स्प्रिंग वेगळी आणि डँपर वेगळा. तिथे फक्त स्प्रिंगची बैठक फिरते.

आणि हो, १२ मिमी कसे मोजले?

रात्रपाळी_पुणे
जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत. टेप आहे माझ्याकडे.

चिपळूणकर_भिजलेला
टायरची हवा?

रात्रपाळी_पुणे
हवा कालच नाही, परवा... थांबा, बघून येतो.

बुलेट_राजा
बुलेटच्या मागच्या शॉकला पाच खाचे असतात, बायको मागे बसली की एक खाचा वाढवा. माझा अनुभव.

रात्रपाळी_पुणे
डावीकडे २१, उजवीकडे ३२. 😐 वॉल्व्हजवळ थुंकी लावली, बुडबुडे येत आहेत.

तिरकी_गाडी
मेलो. 😂 हवा भरा, मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत मोजा, म्हणजे टायर आणि जमीन दोन्ही हिशोबातून जातात. गाडी जॅकवरून उतरवल्यावर लगेच मोजू नका, पुढे-मागे ढकला. टायर आत ओढलेले असतात, सस्पेन्शन बसायला वेळ लागतो.

रात्रपाळी_पुणे (शनिवार, दुपार)
वॉल्व्ह बदलला, लॉक आवळलं, कटकट बंद. चाकाच्या मध्यापासून डावी ३३२, उजवी ३३५. आता डावीकडे एक फेरा द्यावा का?

स्पॅनर१३
तीन मिमीसाठी नको. तुम्ही उजवीकडे बसलात की ते आपोआप मिटेल. जमल्यास चाकांची अलाइनमेंट मात्र उद्याच्या आधी करून घ्या.

आबा_गॅरेज
अलाइनमेंट माझ्याकडे आण. बफरचं परत विचार कर.

चिपळूणकर_भिजलेला
रात्रपाळी, तो सी पाना चिपळूणला येताना घेऊन या, माझा सापडत नाहीये.