मदत हवी आहे: पाणगवतात अडलेला गाळ जातो कुठे?

नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटो आणि सॅन वॉकीन नद्यांच्या त्रिभुज प्रदेशाजवळ राहतो. नववीतल्या लेकीने विज्ञान प्रकल्पासाठी 'एगेरिया डेन्सा' हे पाणगवत निवडलंय आणि माझी दांडी गुल झालीय.

शाळेत उलट्या नरसाळ्याखाली ठेवायचो ती हायड्रिला आठवते ना? तिच्याच कुळातलं हे, पण मूळचं दक्षिण अमेरिकेचं. मत्स्यालयांच्या व्यापारातून इथं आलं आणि माजलं. फ्रँक्स ट्रॅक्ट हे बांध फुटून १९३८ पासून पाण्याखाली असलेलं बेट. तिथं आम्ही भरतीच्या वेळी दोन संत्री सोडली, एक गवताच्या पट्ट्यात आणि एक मोकळ्या प्रवाहात. दोन्ही जवळपास सारख्याच वेगाने गेली! ओहोटीला मात्र गवतातलं संत्रं जागचं हलेना. पाणी किती नितळ ते बघायला काळी-पांढरी तबकडी सोडली, तर गवतात ती तळापर्यंत दिसली आणि मोकळ्या प्रवाहात मात्र लवकर दिसेनाशी झाली.

लेक म्हणते, "बाबा, गवत पाणी गाळतं, म्हणजे चांगलंच की!" मला ते पटत नाही, पण समजावताही येत नाही. भरती-ओहोटीत असा फरक का पडावा?

प्रतिसाद

संत्रं पृष्ठभागावर तरंगतं, तिथंच गफलत झाली. भरतीला गवताच्या शेंड्यांवर पाण्याचा थर असतो, तो सुटा वाहतो. ओहोटीला गवत तळापासून वरपर्यंत सगळं पाणी व्यापतं, मग प्रवाह बाजूच्या मोकळ्या पात्राकडे वळतो. तिथं वेग वाढला की तळ खरवडलाही जातो. पाण्याने पूर्ण भरून बुडेल इतकं वजन घातलेली बाटली एखाद्या तरंगत्या रिकाम्या बाटलीला दोरीने बांधून मधल्या खोलीवर लोंबकळत सोडा, भरतीलाही आतला वेग कळेल.

आत प्रवाह मंदावतो, लाटाही मरतात, म्हणून बारीक गाळ खाली बसतो. पाणी नितळ, की ऊन खोलवर, की गवत आणखी. शिवाय गवताचा पट्टा दलदलीच्या तोंडाशी असेल तर गाळ तिथंच अडतो. समुद्र चढतोय आणि दलदलीला उंची वाढवायला गाळच हवा. डेल्टा स्मेल्ट या छोट्या माशालाही गढूळच पाणी मानवतं. लेकीला हे सांगा.

पण गाळ घटल्याचं सगळं खापर गवतावर फोडू नका. सोन्यासाठी पाण्याच्या फवाऱ्यांनी डोंगर धुणं १८८४ च्या निकालाने थांबलं, तो जुना गाळ हळूहळू सरला. वरच्या धरणांतही गाळ अडतो.

आणि हो, गवत उपटू नका. इथं फक्त नर झाडं आहेत, बी धरतच नाही. सगळा पसारा तुकड्यांतून. होडी आणि वल्ही धुऊनच घरी न्या.

धागाकर्ता

होडी धुवायचं डोक्यातच आलं नव्हतं! शनिवारी ओहोटी सकाळी आहे, बाटल्या घेऊन जातो. गवताच्या कडेला आणि आत एकेक फरशी ठेवून गाळ मोजला, तर महिनाभरात काही दिसेल का?