मदत हवी आहे: पिकअपच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग चार महिन्यांत दुसऱ्यांदा गेलं

कांदेवाला_येवला
नमस्कार मंडळी, पुढच्या चाकाचं बेअरिंग परत आवाज करायला लागलंय, चार महिन्यांपूर्वीच टाकलं होतं. पन्नासच्या वर गेलं की घूंऽऽ असा आवाज. परवा पहाटे लासलगावला कांदा न्यायचाय, शेजाऱ्याचाही माल आहे त्यात, गाडी उभी ठेवून चालणार नाही. ह्या वेळी घरीच बदलतो, जॅक पाने सगळं आहे. नट किती टाईट करायचा तेवढं सांगा लवकर.

पाना_तेरा
कुठल्या साली घेतलेली, टू व्हील ड्राईव्ह का फोर व्हील ड्राईव्ह, डावं चाक का उजवं? काहीच न सांगता नटाचं कसं सांगणार भाऊ.

सोलापूर_लाईन
आधी टायर बघ. माझ्या गाडीला सेम आवाज होता, दोन बेअरिंगं बदलली आणि शेवटी टायर पायऱ्या पायऱ्यांनी झिजलेला निघाला. पुढची चाकं मागं टाक, आवाज मागं गेला तर टायरच.

कांदेवाला_येवला
टायर दिवाळीत नवे टाकलेत. २०१४ ची, टू व्हील, डावं चाक. उजवीकडं वळताना आवाज वाढतो.

पाना_तेरा
उजवीकडं वळताना भार डाव्या चाकावर येतो, म्हणजे डावंच. तरी खात्री कर. चाक जॅकवर घे, खाली ठोकळा लाव, नुसत्या जॅकवर विसंबू नको. वर-खाली धरून हलव, मग कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग आणि परत हलव. खेळ, म्हणजे चाकाची डगमग, गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉईंट नाहीतर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ते सांधे.

ह्यूस्टनचा_काका
आमच्या इथल्या पिकअपला सीलबंद हब (चाक बसतं तो मधला भाग) येतो. बोल्ट काढायचे, आख्खा हब बदलायचा, ग्रीसला हात लावायचं कामच नाही. तसाच मागवून घ्या.

पाना_तेरा
काका, त्याच्या हबमध्ये दोन टेपर, म्हणजे निमुळत्या रोलरची, बेअरिंगं असतात, आत मोठं बाहेर लहान. तुमचा हब त्याला बसणार नाही.

सांगली_ट्रॉली
हब ग्रीसनं गच्च भर, पाणी शिरत नाही. मी ट्रॉलीला वीस वर्षं तेच करतोय.

पाना_तेरा
गच्च नको. तापलं की ग्रीस सीलमधून बाहेर येतं आणि डिस्कवर उडालं तर ब्रेक लागणार नाही. तळहातावर ग्रीस घ्यायचं आणि बेअरिंगची कड त्यात दाबत राहायची, रोलरच्या मधून वर येईपर्यंत.

सांगली_ट्रॉली
आमचं कधी बिघडलं नाही.

पाना_तेरा
ट्रॉली वीसनं चालते दादा, ही साठनं जाणार भरलेली.

लासलगाव_जवळच
माल उन्हाळ कांदा आहे का? आमच्याकडं चाळीतला अजून काढलाच नाही.

पाना_तेरा
येवलेकर, मागच्या वेळी वाटी, म्हणजे रोलर फिरतात ती बाहेरची कडी, बदलली होती का? आणि सील?

कांदेवाला_येवला
हो उन्हाळच. वाटी नाही बदलली, मेकॅनिक म्हणाला चांगली आहे, उगाच खर्च कशाला. सील पण जुनंच घातलं वाटतं. ते महत्त्वाचं असतं का?

पाना_तेरा
तिथंच घोळ झालाय! बेअरिंग आणि वाटी जोडीनंच बदलायची, जुन्या वाटीवर नवे रोलर टिकत नाहीत. आतली बाहेरची दोन्ही जोड आण, सील नवं, नट अडकवायची स्प्लिट पिन नवी. कॅलिपर (ब्रेकचा चिमटा) तारेनं बांधून ठेव, ब्रेकच्या पाईपवर लोंबकळत सोडू नको. आता नट. चाक फिरवत फिरवत आवळ, जड फिरायला लागलं की थांब, मग सैल सोड आणि नुसत्या बोटांनी परत आवळ. पिनचं भोक जुळलं नाही तर नट मागं घ्यायचा, पुढं आवळायचा नाही.

सोलापूर_लाईन
बोटांनी?? मी तर पान्याला पाईप लावून आवळतो.

पाना_तेरा
म्हणूनच दोन बेअरिंगं गेली असतील. टेपरला केसभर मोकळीक लागते, नाहीतर तापून जळतं.

कांदेवाला_येवला
खोललंय. वाटीला खालच्या बाजूनं खवले निघालेत, नख अडकतंय. ग्रीस तांबडं, गंजाच्या पाण्यासारखं. मागच्याच महिन्यात प्रेशरनं गाडी धुतली होती. आणि स्टबवर (हब फिरतो त्या दांड्यावर) आतल्या बेअरिंगच्या जागी निळसर पट्टा दिसतोय. वाटी तळाला टेकली ते कसं कळणार?

पाना_तेरा
जुनं सील, त्यातून पाणी गेलं. पितळी पंचानं चारी बाजूंनी थोडं थोडं ठोक, बद्द आवाज येत असतो तो एकदम टणक होतो, मग टेकली. निळा पट्टा म्हणजे तापलंय. नवं बेअरिंग स्टबवर सरकवून बघ, डगमगलं तर स्टब गेला, मग गाडी भरू नको.

कांदेवाला_येवला
डगमगत नाही, घट्ट सरकतंय. वाटी बसली, आवाज बदललेला स्पष्ट कळला. तरी शेजाऱ्याला सांगितलं, ह्या खेपेला तुझा माल दुसऱ्या गाडीत टाक. आता रिकामी गाडी दहा किलोमीटर फिरवून आणतो आणि हबला हात लावून तापलाय का बघतो.