मदत हवी आहे: जुनी ३१५ बोअर रायफल घेऊ का, आणि तिला स्कोप (नेम धरायची दुर्बीण) बसवावा का?

भाऊ लोक, रावेरकडे केळीची बाग आहे, रानडुकरं रात्री घुसून खोडं उकरून आडवी करतात, जीव जळतो बघून. पीक संरक्षणासाठी बंदुकीचं लायसन झालंय, वनखात्याची परवानगी वेगळी मागितलीय कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे नुसत्या लायसनवर डुक्कर मारता येत नाही. बजेट कमी म्हणून इशापूरच्या सरकारी कारखान्याची जुनी ३१५ बोअर पाहिली, बोल्ट जुन्या ब्रिटिश फौजी ली-एनफिल्ड रायफलीसारखा मस्त सरकतो पण नळीच्या तोंडाकडच्या, गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा घासलेल्या वाटल्या आणि खांद्याला टेकवायचा दस्ता मला आखूड पडतो. मागे रबर पॅड लावला तर जमेल ना? स्कोपसाठी बॉडीला भोकं पाडावी लागतील म्हणे, लायसनवाला चांगला कारागीर जळगाव-धुळ्याकडे आहे का कोणी? का नेम धरायची मूळची लोखंडी साइटच ठेवून तो पैसा चांगल्या नळीच्या रायफलीत घालू? वापरणाऱ्यांनी सांगा, सौदा अजून केला नाही.