घरून काम करताना मन खचतं ते शिस्त नसल्यामुळे?

खिडकीपाशी:
परवा इथे एकांनी लिहिलं, की घरून काम करणाऱ्यांचं मन बिघडतं ते अंगात शिस्त नसल्यामुळे. सकाळी आवरून, कपडे बदलून टेबलाशी बसा, सगळं ठीक होईल. वाचून संताप आला. मी तीन वर्षं रोज नऊला आवरून बसतेय. तरी एका शुक्रवारी लक्षात आलं, की सोमवारपासून मीटिंग सोडून मी कुणाशी एक वाक्यही बोललेले नाही. लॅपटॉप मिटला आणि रडू आवरेना. यात बेशिस्त कुठे आली? जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटचं, म्हणजे कामाने पार गळून जाण्याचं, वर्णन करताना कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था असंच म्हटलंय. माणसाच्या आळसाचं त्यात नावही नाही.

पहाटफेरी:
ते मीच लिहिलं होतं आणि त्यावर ठाम आहे. पलंगावरच लॅपटॉप, दुपारपर्यंत पडदे ओढलेले, झोप रात्री तीनला, असे आठ महिने काढलेत मी. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर सांगितलं, उठल्या उठल्या बाहेर उजेडात चाला. झोपेचं घड्याळ उजेडावर लागतं. त्यानेच मी सावरलो. माझा अनुभव खोडून काढू नका.

रात्रपाळी:
अहो, तास मोजा आधी! आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम केलं, तर ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी वाढतो. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मिळून मांडलेला आकडा आहे हा. ऑफिसात निदान घरी निघायची वेळ व्हायची. आता रात्री अकराला मेसेज येतो, 'पाचच मिनिटं'. फ्रान्सने २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याचा हक्क कायद्यात घातला. पहाटे चालून हा प्रश्न सुटेल?

दोघांची_आई:
तासांचं राहू द्या, आधी मीटिंगमधला तो कॅमेरा बंद करू द्या. दिवसभर स्वतःचाच चेहरा समोर. मागे मुलं रडतायत आणि मी मान डोलावतेय. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ मीटिंगच्या थकव्याची कारणं मांडली: सतत रोखलेल्या नजरा, स्वतःचं प्रतिबिंब, एका जागी जखडणं. मला वाचायच्या आधीच कळलं होतं.

जुना_मॅनेजर:
आणि आम्ही बारा काळ्या चौकटींशी बोलायचं? माझ्या टीममधला एक मुलगा दोन महिने कॅमेरा बंद ठेवून आतल्या आत खचत गेला. कळलं ते राजीनामा आला तेव्हा. चेहरा दिसला असता तर लक्षात आलं असतं.

दोघांची_आई:
काही लक्षात आलं नसतं. माझा कॅमेरा वर्षभर चालू होता, मी वर्षभर हसत होते. त्याला फोन का नाही केलात तुम्ही?

जुना_मॅनेजर:
तुम्ही मला ओळखत नाही, असा आरोप करू नका.

दोघांची_आई:
आरोप नाही, प्रश्न आहे. दोन महिन्यांत एकदा तरी, कामाशिवाय?

जुना_मॅनेजर:
नाही केला. चुकलं माझं. पण म्हणून सगळ्यांनी कायम कॅमेरा बंद ठेवावा, हे मी मानणार नाही. महिन्यात एकदा तरी एकमेकांना बघू द्या.

पहाटफेरी:
कॅमेऱ्याचा धागा वेगळा काढा. इथे शिस्तीबद्दल बोलणं चाललं होतं.

खिडकीपाशी:
नाही, माणसांबद्दल चाललं होतं. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम यांनी सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीत नऊ महिने केलेला प्रयोग बघा. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. तरी प्रयोग संपल्यावर जवळपास निम्म्यांनी ऑफिस परत मागितलं. एकटेपणा हे त्यांनी सांगितलेलं मोठं कारण होतं.

पहाटफेरी, तुमच्या उजेडाचं मी मान्य करते, झोपेपुरतं. पण चालायला मी एकटी जाणार नाही. शेजारच्या काकूंना विचारलंय, त्या उद्यापासून येतायत.